प्लॅन नको, वायर ओढा

नेट नीट चालत नाही अशी तक्रार केली की ग्राहक सेवेच्या फोनवरचं उत्तर ठरलेलं असतं: "मॅडम, तुमचा प्लॅन जुना झाला. वरचा घ्या." पन्नासचे शंभर करा, शंभरचे दोनशे करा. आमच्या आळीतल्या कितीतरी घरांनी हे पैसे भरले, आणि आजही स्वयंपाकघरातून व्हिडिओ कॉल केला की समोरच्याचा 'आ' वासलेला चेहरा तसाच गोठून राहतो. वेग दुप्पट केला म्हणून नेट दुप्पट लांब जात नाही. विकणारा हे सांगत नाही, आणि विकत घेणाऱ्याला विचारायचं सुचत नाही.

म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. प्लॅन वाढवू नका. घरातल्या घरात वायर ओढा, आणि कपाटात धूळ खात पडलेला जुना राऊटर तिच्या दुसऱ्या टोकाला लावा.

मी चिंचणीत राहते. बोईसरच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये नोकरी झाली, आता घरी बसून छोट्या धंदेवाल्यांची जीएसटीची कामं करते. त्यातले बरेचसे डायमेकर. सोन्याचांदीचे दागिने ज्या पोलादी ठशांवर ठोकून घडवतात, ते ठसे कोरणारे कारागीर चिंचणी-वाणगाव पट्ट्यात घरोघर आहेत. पूर्वी नक्षीचा नमुना कागदावर यायचा, आता मोबाइलवर फोटो येतो. फोटो ओटीवर उतरवून घ्यायचा आणि मग मागे परसातल्या खोपटात जाऊन कोरायला बसायचं, अशी बऱ्याच घरांत रीत पडली आहे. मध्येच गिऱ्हाइकाला एखादी पाकळी बदलून हवी झाली, की मेसेज ओटीवरच्या नेटची वाट बघत लटकतो. माणूस चहाला पुढे आला की फोन एकदम टणटणायला लागतो.

घरंच तशी आहेत आमची. समोरून अरुंद आणि मागे लांबच लांब. ओटा, ओटी, माजघर, मग स्वयंपाकघर, मागची पडवी, न्हाणीघर, विहीर आणि परस. मधल्या भिंती जुन्या विटांच्या, हातभर जाडीच्या. पावसाळाभर त्या पाणी पितात. वाय-फायच्या लहरींना भिंत आवडत नाही, ओली भिंत तर मुळीच नाही; पाणी या लहरी शोषून घेतं. मे महिन्यात माजघरापर्यंत कसंबसं पोचणारं नेट जुलैत दारातच मान टाकतं, ते यामुळे. त्यात भिंतीला लागून गोदरेजचं कपाट असेल तर विचारायलाच नको, पत्र्यापलीकडे लहरी जातच नाहीत. राऊटरवर 'फाइव्ह जी' अशा नावाने दिसणारं जे दुसरं वाय-फाय असतं, ते ५ गिगाहर्ट्झचं. मोबाइलच्या फाइव्ह-जीशी त्याचा काही संबंध नाही. ते वेगवान खरं, पण भिंतीपुढे २.४ गिगाहर्ट्झवाल्यापेक्षाही नाजूक. महागडा प्लॅन घेणारा नेमका त्याच्यावर भिस्त ठेवतो.

आता हा राऊटर ओटीवरच का? कारण कंपनीचा मुलगा शिडी घेऊन येतो, रस्त्यावरच्या खांबावरून फायबर आणतो, पहिल्या खिडकीतून आत घेतो आणि टीव्हीशेजारच्या प्लगजवळ डबा ठोकतो. त्याला दिवसाला इतक्या जोडण्या संपवायच्या असतात, त्याचंही चुकत नाही. फोनवर स्पीड टेस्ट लावतो, काटा शंभराशी नेतो, तुमच्याकडून ओटीपी घेतो आणि पुढच्या घरी जातो. ही टेस्ट तो डब्यापासून दोन हातांवर उभा राहून घेतो. माजघरात जाऊन घेतलेली मी अजून पाहिलेली नाही.

आणि ओटीवर कोण बसतं? पेपर वाचणारे, पाहुणे, टीव्ही बघणारे. घरातलं काम बहुतेक मागे चालतं. स्वयंपाक मागे, आजारी सासूबाईंची खाट माजघरात, बारावीच्या मुलीचं टेबल त्याच्या पलीकडे, आणि माझा लॅपटॉपही मागेच, कारण पुढे टीव्हीच्या आवाजात आकडे जुळत नाहीत. २०२०च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आल्या तेव्हा आमच्या आळीतल्या मुली वह्या घेऊन ओट्यावर येऊन बसायच्या. येणारे-जाणारे डोकावून जायचे, फेरीवाला ओरडला की बाईंचं वाक्य अर्धं राहायचं. तेव्हा सगळ्यांनी रेंजला बोल लावला. घरात नेट होतं, पैसेही भरलेले होते. ते घराच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात होतं इतकंच.

सरकारी मोजदादीत हे कुठेच येत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या शिफारशीवरून दूरसंचार विभागाने २०२३मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेली, चांगलं केलं. गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना २०११मध्ये मंजूर झाली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं, तिच्यावर पैसाही मोठा ओतला. पण मोजणी होते ती जोडण्यांची. जोडणी आली, कागदावर घर 'जोडलं गेलं', फाइल बंद. माजघरातल्या मुलीपर्यंत २ एमबीपीएस पोचले का, हा रकाना कोणत्याही अर्जात नाही.

चिंचणीचे ताम्रपट इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहेत. त्यातल्या शके ८४८च्या, म्हणजे सन ९२६च्या लेखात राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा कारभार पाहणाऱ्या एका अरब अधिकाऱ्याची हकिगत आहे. त्याचं नाव लेखात मधुमती असं संस्कृत करून घातलंय. अभ्यासक ते मुहम्मद असं वाचतात. त्याच्या राजवटीत दोन प्रवाहांवर लोकांसाठी मोफत तर सुरू केली आणि भात, कालवण, तूप मिळणारं अन्नछत्र घातलं, असं त्यात कोरून ठेवलंय. रस्ता पाण्यापर्यंत येऊन थांबला तर त्याला रस्ता म्हणायचं नाही, एवढी समज अकराशे वर्षांपूर्वी आमच्या किनाऱ्यावरच्या कारभाराला होती. आमचं नेट मात्र ओटीच्या उंबऱ्यापर्यंत येऊन थांबतं आणि त्याला जोडणी म्हणतात.

असो. कामाचं बोलते.

बाजारात यावर दोन औषधं विकतात. एक म्हणजे प्लगमध्ये खोचायचा एक्स्टेंडर. तो बिचारा पुढून ऐकतो आणि तेच मागे ओरडून सांगतो, आणि साध्या एक्स्टेंडरमध्ये ऐकायला आणि बोलायला तोंड एकच, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. शिवाय तो माजघरात लावला तर त्यालाच ऐकू येत नाही. दुसरं औषध मेशचं: दोन-तीन देखणे पांढरे डबे, किंमत चांगलीच. ते वाईट नाहीत. पण आपसात ते हवेतूनच बोलणार असतील तर हातभर जाडीची भिंत त्यांच्याही वाटेत आहेच. वायरला भिंतीचं काही वाटत नाही. साध्या नेटवर्क केबलवरून सिग्नल १०० मीटरपर्यंत बिनतक्रार जातो, आणि चिंचणीतलं लांबातलं लांब घरही तेवढं लांब नसतं.

दुसरा राऊटर विकत आणायची गरज सहसा पडत नाही. कंपनी बदलली की जुना डबा घरात राहतो. आमच्या आळीत तो बहुतेकांच्या शोकेसमध्ये, लग्नाच्या अल्बमशेजारी सापडेल. कंपनीला परत करायचा असेल तर तो वेगळा. आपल्या पैशाने घेतलेला असेल तर उत्तम. परवानगी लागते का, असं मला एका शेजारणीने विचारलं होतं. नाही लागत. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्या देशात २००५पासून घरगुती वापराला विनापरवाना खुला आहे. कंपनीच्या डब्यालाही हात लावावा लागत नाही, आणि मला या उपायातलं हेच सगळ्यात आवडतं. बऱ्याच कंपन्या आपल्या डब्याचा पासवर्ड ग्राहकाला देतच नाहीत, आत काही बदलायचं म्हटलं की 'तक्रार नोंदवा' म्हणतात. इथे जे काही बदलायचं ते सगळं आपल्या जुन्या राऊटरमध्ये.

मी केलं ते असं. जुन्या राऊटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी दाबून धरली, दिवे एकदा विझून पुन्हा लागले, म्हणजे तो कोरा झाला. केबलने तो लॅपटॉपला जोडला. बुडाला चिकटवलेल्या कागदावर त्याचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१, आणि आत शिरायचा पासवर्डही. तिथे तीन गोष्टी करायच्या. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड घालायचा. लॅनचा पत्ता बदलायचा: ओटीवरचा राऊटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२५० असा, त्याच वस्तीतला पण दुसऱ्या कुणाला दिला जाणार नाही असा द्यायचा. ओटीवरच्याचा पत्ता फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये 'गेटवे' म्हणून दिसतोच. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: डीएचसीपी बंद करायचं. घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला, प्रिंटरला पत्ता वाटून देण्याचं काम डीएचसीपी करतं. एका घरात हे वाटप दोघांनी सुरू केलं की गोंधळ ठरलेला. कुणाला नेट मिळतं, कुणाला नाही, आणि सकाळी चालणारा फोन संध्याकाळी रुसतो.

मग केबल. ती ओटीवरच्या राऊटरच्या लॅन भोकातून निघून आपल्या राऊटरच्याही लॅन भोकातच जायला हवी. वेगळ्या रंगाचं, बहुधा निळं, 'वॅन' लिहिलेलं भोक रिकामं सोडायचं. माणसाचा हात आपोआप तिथेच जातो, कारण ते एकटं आणि ऐटीत असतं. डीएचसीपी बंद न करता तिथे घातलं तर बहुधा नेट चालतं, म्हणून कळतही नाही. पण मग मागचं नेटवर्क वेगळं होतं, आणि मागचा प्रिंटर पुढच्या फोनला सापडत नाही. हल्लीच्या राऊटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' नावाची एक टिकली असते, ती लावली की वरचं सगळं आपोआप होतं. जुन्यात हाताने करायचं. अवघड काहीच नाही. जीएसटीच्या पोर्टलशी झुंजणाऱ्या बाईला तर नाहीच नाही.

केबल ओढायला इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो आधी म्हणाला, "काकी, वाय-फाय घेतलंत ते वायर नको म्हणूनच ना?" मग माळ्यावर चढला. कौलारू घराचा हा फायदा की वाशांच्या कडेने वायर नेता येते, भिंतीला एकच भोक पुरतं. माळ्यावर उंदीर असतात, म्हणून ती प्लास्टिकच्या पाइपातून न्यायला लावली. केबल घेताना एक बघून घ्यायचं: बाजारात तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्तात मिळते आणि वरून ओळखू येत नाही. तार चाकूने जरा खरवडली की आत पांढरी दिसते. तशी तार लवकर तुटते, आणि आमच्याकडे समुद्राची खारी हवा आहे. इथे छत्रीची काडी दोन पावसाळ्यांत गंजते, तिथे ही कितीशी टिकणार? अख्ख्या तांब्याचीच घ्यायची.

शेवटी टोकांना काचेसारखे प्लग बसवायचे असतात. आतल्या आठ तारा उलगडून, सरळ करून, एका ओळीत लावायच्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरव्याच्या जोडीत निळी घुसते ती चूक नव्हे, क्रम तसाच आहे. दोन्ही टोकांना हाच क्रम. पकडीत घालून कच्चकन दाबलं की झालं. इलेक्ट्रिशियनकडे ती पकड नव्हती. बारावीतली आमची मुलगी व्हिडिओ बघून क्रम सांगत होती, आणि पकड आली ती आळीतल्याच एका इन्स्ट्रुमेंटेशनवाल्या पोराकडून. तो एमआयडीसीतल्या कारखान्यात रोज शेकडो मीटर केबल ओढतो, टोकं बांधतो, नंबर लावतो. त्याच्या स्वतःच्या घरी मात्र नेट ओटीवरच होतं, आणि वडिलांनी मागच्याच महिन्यात प्लॅन वाढवला होता.

मागच्या राऊटरची उरलेली भोकं फुकट जात नाहीत. माझा लॅपटॉप मी त्यातल्याच एकाला केबलने जोडलाय, प्रिंटर दुसऱ्याला. महिन्याची ११ तारीख आली की विक्रीचं विवरण, २० आली की कर भरायचं विवरण, ३बी. २० चुकली तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, आणि ते माझ्या गिऱ्हाइकाच्या खिशातून. अशा दिवशी ओटीपी आला आणि पान उघडेपर्यंत त्याची मुदत संपली, हा प्रकार आता माझ्या टेबलावर होत नाही. लॅपटॉप तोच आहे आणि प्लॅनही जुनाच.

वाय-फायला दोन्हीकडे एकच नाव द्यावं की वेगळं, यावर घरात वाद झाला. एकच नाव असलं की फोन आपणच जवळचा राऊटर धरतो, सासूबाईंना काही शिकवावं लागत नाही. पण काही फोन चिवट असतात, पुढचा मरतुकडा सिग्नल सोडत नाहीत. मी एकच ठेवलं. दोघांचे चॅनल मात्र वेगळे हवेत, २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांच्या पायात येत नाहीत. ओटीवरचा १वर बसला असेल तर मागच्याला ६ किंवा ११.

वीज हाही विषय आहे. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हाचं सोडा, एरवीही आमच्याकडे पहिल्या सरीला वीज जाते. राऊटरचा छोटा यूपीएस मिळतो. तो पुढच्याला लावून मागच्याला विसरलात तर अंधारात पुन्हा सगळे ओटीवर.

आणि रेडिएशन. तारापूरचा अणुवीज प्रकल्प १९६९पासून आमच्या शेजारी उभा आहे, त्यामुळे इथल्या माणसाला हा शब्द जरा जास्तच टोचतो. सासूबाईंनी खाटेजवळच्या डब्याकडे बोट दाखवून विचारलंच. वाय-फायच्या लहरी रेडिओच्या जातीच्या असतात, अणूतून निघणाऱ्या किरणांच्या नव्हेत, आणि अशा डब्याची रेडिओ-ताकद वॅटच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. त्यांना हे पटलं की नातवाचा चेहरा अमेरिकेहून स्पष्ट दिसायला लागला म्हणून त्या गप्प बसल्या, ते मला ठरवता आलेलं नाही.

एका ठिकाणी मात्र माझा सल्ला वायरीच्या विरुद्ध आहे. डायमेकरांचा कारखाना परसात वेगळ्या इमारतीत असेल, तिथला मीटर वेगळा असेल, तर घरातून तिथे तांब्याची केबल उघड्यावरून नेऊ नका. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं, आणि वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की तो झटका केबलमधून दोन्हीकडची यंत्रं घेऊन जातो. तिथे फायबर ओढायचं, दोन टोकांना दोन छोटे कन्व्हर्टर. फायबर काचेचं, त्यातून वीज जात नाही. खर्च थोडा वाढतो, पण कोरीवकामाचं यंत्र जळण्यापेक्षा परवडतो.

हे सगळं प्रत्येक ग्राहकाने स्वतः करावं असं माझं मुळीच म्हणणं नाही. जोडणीच्या पैशात वीस-पंचवीस मीटर केबल आणि तासाभराची मजुरी घालणं कंपन्यांना जड नाही. येणाऱ्या मुलाने डबा ठोकण्याआधी एक प्रश्न विचारावा: "काम कुठे बसून करता?" आणि स्पीड टेस्ट तिथे जाऊन घ्यावी. नियामकाने जोडणीच्या अर्जात तेवढा रकाना घालावा, आणि ग्राहकाच्या घरातल्या डब्याचा पासवर्ड ग्राहकालाच मिळेल एवढं सक्तीचं करावं. आपल्याकडच्या आयटीआयमधून दरवर्षी पोरं बाहेर पडतात. घरातलं नेटवर्क टाकून देणं हा त्यांच्यासाठी चांगला जोडधंदा आहे, आमच्या त्या इन्स्ट्रुमेंटेशनवाल्याने तो रविवारी सुरूही केलाय.

बोईसरला सध्या इमारतींवर इमारती उठताहेत, आमच्या आळीतलेही काही जण तिथे फ्लॅट बघून आलेत. सळया घातलेला स्लॅब आणि काँक्रीटची भिंत वाय-फायला जुन्या विटेपेक्षा सोपी जाते असं समजू नका. नमुना फ्लॅटमध्ये टीव्हीचा पॉइंट दाखवतात, एसीचा दाखवतात, गीझरचा दाखवतात. प्रत्येक खोलीत नेटवर्क केबलसाठी रिकामा पाइप घातलाय का, हे बुकिंगच्या वेळी विचारा, आणि लेखी घ्या. प्लास्टर व्हायच्या आत ते काम किरकोळ असतं. नंतर तोच बिल्डर भिंत फोडावी लागेल म्हणून सांगतो, आणि फोडायचे पैसे वेगळे लावतो.